विकीची गाडी, देवाजीची भट्टी

बाई असून डिझेल पंपाचं दुकान चालवताना काय अडचणी आल्या ते लिहा, असं संपादकांनी पत्रात म्हटलं आहे. बाई असल्यामुळे अडचणी फारशा आल्या नाहीत. त्या आल्या धुळीमुळे, रॉकेल मिसळलेल्या डिझेलमुळे, आणि एकदा माझ्यामुळे. पहिल्या दोन माझ्या धंद्यातल्या कुणालाही माहीत आहेत. तिसरी कुणाला माहीत नाही, म्हणून ती लिहिते.

चंद्रपूरला मूल रोडवर माझं दुकान आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की तीच तापते, आणि त्या तापल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारला की ते पेटतं. तो फवारा मारते ती तोटी म्हणजे नोझल, आणि तिला डिझेल पोचवतो तो पंप. या दोन वस्तू दुरुस्त करणं हे माझं काम. कोळशाचे आणि लाकडाचे ट्रक, सिंदेवाही-नागभीडकडच्या भातगिरण्यांची इंजिनं, सूरजागडच्या डोंगरात पाहणीला जाऊन खिळखिळ्या होऊन परतणाऱ्या जीपगाड्या, सगळं माझ्याकडे येतं. नोझल तपासायचं एक हातदांड्याचं यंत्र असतं. दांडा दाबला की चांगलं नोझल कर्रर्र असा आवाज करतं आणि धुक्यासारखा फवारा सोडतं. खराब झालेलं नुसतं गळतं. त्या फवाऱ्यापुढे बोट धरायचं नसतं, कारण डिझेल कातडी फोडून आत जातं आणि आतलं मांस सडतं. माझ्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला शेवटचं पेर नाही. पहिल्याच वर्षी गेलं.

दुकान मुळात नवऱ्यानं काढलं. त्याला कोर्टात नोकरी लागली तेव्हा त्यानं सुटकेचा निःश्वास टाकला आणि दुकान माझ्याकडे आलं. एकदा सिरोंच्याहून एक ट्रॅक्टरवाला दिवसभर एसटीत पंप मांडीवर घेऊन आला. मला पाहून म्हणाला, मालकाला बोलवा. मालक कोर्टात गेलेत म्हटलं. तो बाकावर बसून राहिला. संध्याकाळी नवरा सायकलवरून आला तसा हा हात जोडून उठला. नवरा म्हणाला, “भाऊ, मले त्यातलं काईच समजत नाई. मी पेशकार हावो. बाईले विचारा.” पंप तोवर दुरुस्त होऊन त्याच्या शेजारी बाकावर ठेवलेला होता.

माझा मुख्य मिस्त्री देवाजी मडावी. हमाल म्हणून आला होता, पंधरा वर्षांत माझ्याहून तयार झाला. यंत्रावर नोझल लावलं की मी फवारा बघायची, तो पाठमोरा उभा राहून नुसता आवाज ऐकायचा आणि सांगायचा, “याची सुई घासली, बाई.” सुई घासलेलीच असायची. त्याचं गाव नागभीडच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून जंगलात सात किलोमीटर आत. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मोहाची भट्टी लागायची. सणाला, लग्नाला, मयताला मोहाची लागतेच, आणि ती त्याच्या घरची चांगली असं गाव म्हणायचं. फुलं किती दिवस भिजवायची, मडक्याखाली जाळ किती ठेवायचा, धार कधी बदलते, हे तो मला जेवणाच्या सुट्टीत सांगायचा. कारागीर आपल्या कामाबद्दल बोलतो तसं बोलायचा. मी ऐकायची, इतकंच. आमच्या घरी पंचशील रोज म्हटलं जातं आणि दारूचा वास आलेल्या माणसाला मी दुकानात उभं करत नाही. देवाजी पंधरा वर्षांत एकदाही पिऊन आला नाही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. दुकानात चोऱ्या फार व्हायच्या, मोठ्या नाही, चिल्लर. चांगलं थिनर, हात धुवायचा साबण, पंप तपासायचं कॅलिब्रेशनचं तेल. मी लाल रंग घेतला आणि ज्या डब्याला कुणी हात लावू नये असं वाटायचं त्यावर कवटी आणि दोन हाडं काढली. उपाय चालला. मग मी साखरेच्या डब्यावरही कवटी काढली. आमच्या दुकानात कवटी म्हणजे बाईंची वस्तू, असा अर्थ सगळ्यांना कळला होता. मला त्याचं हसू यायचं.

रंगीत टीव्ही नुकताच आला होता त्या सुमाराची ही गोष्ट. कोळसा वाहतुकीच्या एका मोठ्या कंत्राटदाराचे पंप माझ्याकडे यायचे. त्यांचा मुलगा विकी, अठ्ठावीस-तीस वर्षांचा. त्यानं मुंबईहून एक जपानी गाडी आणली होती, दोन दारांची, पांढरी, टर्बोवाली. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो बाहेरची हवा इंजिनात कोंबतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. पण कोंबलेली हवा तापते. आमच्या चंद्रपूरची हवा उन्हाळ्यात आधीच भट्टीतून काढल्यासारखी, त्यात आपल्याकडचं पेट्रोल हलकं. मग पेट्रोल वेळेआधीच पेटतं, इंजिनात टकटक सुरू होते आणि तशीच पळवली तर पिस्टनला भोक पडतं. विकीनं एक इंजिन असंच घालवलं होतं. मद्रासकडे एका जुन्या धावपट्टीवर शर्यत होती, त्याला तिथं जायचं होतं.

त्यानं एक विलायती मासिक माझ्यापुढे ठेवलं. त्यात उपाय दिला होता. टर्बोतून निघालेल्या गरम हवेत पाणी आणि मिथेनॉल यांच्या मिश्रणाचा बारीक फवारा मारायचा. फवारा उडून जाताना हवेतली उष्णता घेऊन जातो, हवा थंड होते, टकटक थांबते. विमानांमध्ये हे फार पूर्वीपासून करत. मी म्हटलं, गाडी पेट्रोलची, मी डिझेलवाली.

“पण फवारा तर फवाराच आहे ना, बाई? नागपूरचे दोघं मिस्त्री हात लावायला तयार नाहीत.”

नागपूरचं नाव त्यानं मुद्दाम काढलं असणार. मी गाडी आत घ्यायला सांगितली.

तयार सामान इथं कुठून मिळणार? डिझेलचं नोझल चालणार नव्हतं, त्याला फार दाब लागतो. देवाजीनं धानावर औषध मारायच्या पाठीवरच्या पंपाची पितळी तोटी आणली. तिचं भोक मोठं होतं, ते झाळून बुजवलं आणि नव्यानं पाडलं, केसाइतकं. चार तोट्या वाया गेल्या, पाचवी जमली. काळ्या काचेवर फवारा मारून थेंब बघायचो. मिश्रणाला दाब द्यायला विजेवर चालणारा छोटा पंप घेतला. तो सतत चालून उपयोग नव्हता, टर्बो हवा कोंबायला लागला की मगच चालायला हवा. त्यासाठी ट्रकच्या ऑइलच्या दाबाचा स्विच घेतला. तो दाब आला की विजेची वाट तोडतो, मला नेमकं उलट हवं होतं. मध्ये हॉर्नचा रिले टाकून उलट करून घेतलं. इंजिन बंद असताना मिश्रण आत झिरपू नये म्हणून एकाच दिशेनं उघडणारी झडप बसवली. टाकी डिकीत. रबरी नळ्यांचे तुकडे आठ दिवस मिथेनॉलच्या बाटलीत बुडवून ठेवले आणि जे फुगले ते फेकले. हे सगळं मासिकात नव्हतं.

मिथेनॉल हे एक प्रकारचं स्पिरिट. दिसायला पाण्यासारखं, वास दारूचा, आणि पोटात गेलं तर आधी डोळे जातात, मग माणूस. प्लायवूडचा गोंद करणाऱ्या कारखान्यांना लागतं. त्याला परवाना असावा लागतो. विकीनं ओळखीतून वीस-वीस लिटरचे दोन कॅन विनापरवाना आणले आणि मी ते विनापरवाना ठेवून घेतले. तेलाच्या खोलीत, कुलपात. किल्ल्या दोन, एक माझी, एक देवाजीची. कॅनवर मी कवटी काढली. सगळ्यांना बोलावून सांगितलं की हे विष आहे, हात लावायचा नाही. सगळ्यांनी माना हलवल्या.

ते झटकन उडतं, हाच त्याचा गुण. देवाजीच्या मनगटावर मी एक थेंब टाकला होता. “बर्फावानी लागते,” तो म्हणाला आणि मनगट गालाला लावून बघितलं. पाण्याच्या कितीतरी आधी उडतं, म्हणून तर हवा थंड होते, असं मी त्याला समजावलं. तोटीचं भोक, दाब, थेंबाचा आकार, सगळं त्याला समजावलं.

एका पहाटे मूलच्या रस्त्यावर गाडी पळवली. दोन्ही बाजूला जंगल, रस्ता रिकामा. विकी चालवत होता, मी शेजारी दाबाच्या घड्याळाकडे बघत होते, देवाजी मागच्या सीटवर घुसला होता. जिथं आधी टकटक व्हायची तिथून काटा पुढे गेला तरी इंजिन गप्प. मागून देवाजी म्हणाला, “बोलून राह्यली, बाई. तोटी बोलून राह्यली.” तो आवाज मला ऐकू येणं शक्य नव्हतं. त्याला येत असावा. त्या दिवशी आम्ही तिघांनी बंगाली कॅम्पच्या टपरीवर चहा घेतला. इतकं चांगलं काम मी त्याआधी केलं नव्हतं, नंतरही नाही.

मे लागला. देवाजीच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. चहा पिताना तो सांगायचा की यंदा मोह गारपिटीत गेला. ऐन फुलं गळायच्या दिवसांत गारा पडल्या, वेचलेली काळी पडली. घरची मोहाची नसली तर देवांना काय दाखवू, आणि पाहुण्यांसमोर बाची मान खाली जाईल. बाजारातून आणलेली चालत नाही. मी म्हटलं, सरबत कर. तो हसला. सोमवारी तो पाच दिवसांची रजा घेऊन गेला. लग्न गुरुवारी होतं. मलाही बोलावलं होतं, पण विकीची गाडी शुक्रवारी मद्रासला निघायची होती म्हणून मी मुलीसाठी लुगडं दिलं आणि येत नाही म्हटलं.

गुरुवारी सकाळी आठला विकी शेवटचं मिश्रण भरून घ्यायला आला. माझी एक सवय आहे, मोजल्याशिवाय मी काही ओतत नाही. पेट्रोल पंपावर घनता बघायला काचेची तरंगती नळी असते, तशी एक मी ठेवली आहे. हलक्या द्रवात ती खोल बुडते, जड द्रवात वर राहते. शुद्ध मिथेनॉलमध्ये ती गळ्यापर्यंत बुडायची. त्या दिवशी दुसरा कॅन उघडून, थोडं काढून, नळी सोडली तर ती कंबरेइतकीच बुडाली. नळी पुसून पुन्हा सोडली. तेच.

कॅन तर काठोकाठ भरलेला होता. म्हणजे कुणीतरी चारपाच लिटर काढून तितकं पाणी घातलं होतं.

किल्ल्या दोन होत्या. माझी माझ्या कमरेला होती.

समजायला मला वेळ लागला नाही. चोरीचा रागही आला नाही, त्याला वेळच नव्हता. लग्न आजच होतं. मी विकीला म्हटलं, गाडी काढ. तो विचारायला लागला की मिश्रणाचं काय. मी डिकीतल्या टाकीत नुसतं पाणी भरलं. नुसत्या पाण्यानंही काम चालतं, थोडं कमी.

चंद्रपूर ते मूल, मूल ते सिंदेवाही. ती गाडी ज्या कामासाठी तयार केली ते काम तिनं त्या रस्त्यावर केलं, भर उन्हात, एकदाही टकटक न करता. वाटेत विकी दोनदा म्हणाला, बाई, माझं नाव कुठे यायला नको. दुसऱ्यांदा मी त्याला गप्प बसवलं. डांबरी सोडून जंगलाच्या वाटेला लागलो आणि चौथ्या किलोमीटरला नाल्यात गाडीचं पोट खडकावर बसलं. इतकी खाली असलेली गाडी तिथं जाणारच नव्हती. विकीला ती ढकलून मागे काढायला सांगितलं आणि उरलेले तीन किलोमीटर मी चालत गेले.

गावात मांडव पडला होता. ढोल वाजत होता. पाहुणे दुपारनंतर यायचे होते, त्यामुळे घरचीच माणसं होती. मला पाहून देवाजीचा चेहरा फुलला. त्याला वाटलं मी लग्नाला आले.

मी त्याला मांडवाबाहेर घेतलं. कॅनमधली काढलीस का, एवढंच विचारलं. तो म्हणाला, “तो पोट्टा तं गाडीत जाळूनच टाकत होता, बाई.”

“कुणी प्यायलं?”

“तशी नाई देल्ली. येडा हावो का मी? जो वाचला तो मोह भिजवला, त्याच्यात टाकली अन्‌ पुन्हा गाळली. इस्पिरिटातलं खराब खाली मडक्यातच राह्यते. माहा आजा शिकवून गेला.”

ही चूक अडाण्याची नव्हती. ज्याला भट्टी माहीत नाही तो अशी चूक करूच शकत नाही. दुसऱ्यांदा गाळलं की गाळ, राख, आंबट, कडू सगळं मागे राहतं, हे त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान होतं आणि ते खरंही होतं. पण मिथेनॉल मागे राहणारं नाही. मी त्याला सांगितलं, “देवाजी, तुझ्या मनगटावर टाकलं होतं ते आठव. ते सगळ्यांच्या आधी उडतं. मडक्यातूनही आधी तेच उडणार.”

त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. धार कशी येते हे तो माझ्याहून जास्त जाणत होता.

“म्हंजे पह्यल्या धारेत,” तो म्हणाला.

पहिल्या धारेची सगळ्यात कडक, सगळ्यात मानाची. तिचे चार थेंब देवांना आणि पूर्वजांना जमिनीवर सोडतात आणि उरलेली घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला देतात. इतर कुणी तिला हात लावत नाही. देवाजीनं बुधवारी संध्याकाळी ती बाटली आपल्या हातानं वडिलांना दिली होती.

वडील मागच्या पडवीत बाजेवर पडले होते. सत्तरीच्या आसपासचे, गाव त्यांना आजा म्हणायचं. सकाळपासून डोकं धरलं होतं, उलटी झाली होती. ऊन लागलं म्हणून बायकांनी कांद्याचा रस तळपायाला चोळला होता. आमच्याकडे मे महिन्यात कुणाचंही काहीही दुखलं तर ऊनच लागलेलं असतं. मी जवळ गेले तशी त्यांनी पावलांच्या आवाजाकडे तोंड वळवलं.

“कोण व्हय? धुकं लय पडलं आज. दिसून नाई राह्यलं.”

बाहेर असं ऊन होतं की जमिनीवर पाय ठरत नव्हता.

देवाजी आत गेला. पाहुण्यांसाठी मडक्यांत आणि बाटल्यांत भरून ठेवलेली सगळी, पहिल्या धारेनंतरची, त्यानं एक-एक करून अंगणात उपडी केली. त्या सगळ्यात विष होतंच, कमी असेल एवढंच. त्याच्या मेव्हण्यानं हात धरला, म्हणाला पागल झाला का, पाहुणे येऊन राह्यले. देवाजीनं ढोल थांबवायला सांगितला आणि मांडवात उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं की ही चोरीच्या स्पिरिटाची होती, दुकानातून मी आणली, आणि बाला मीच दिली. त्याच्या मुलीच्या अंगाला हळद लागलेली होती. ती दारातून सरळ बापाकडे बघत होती.

बैलगाडीतून आजाला नाल्यापर्यंत आणलं, तिथून विकीच्या गाडीतून ग्रामीण रुग्णालयात. डॉक्टर तरुण होते, पहिलीच नेमणूक. मिथेनॉल म्हटल्यावर त्यांनी पुस्तक काढलं, वाचलं, आणि आमच्याकडे बघून म्हणाले की यावर दारूच द्यावी लागेल, चांगली दारू. शरीर आधी तिच्यामागे लागतं आणि तेवढ्या वेळात विष निघून जातं. तासातासाला, मोजून. दवाखान्यात पोटात द्यायची दारू नव्हती. दुकानातली मिळेपर्यंत उशीर नको म्हणून बरोबर आलेल्या देवाजीच्या मेव्हण्यानं स्वतःच्या घरची मागच्या वर्षीची मोहाची पिशवीतून काढली.

आजानं तोंड मिटून घेतलं. कितीही समजावलं तरी उघडेना. मग म्हणाला, “आता कोनाच्या हातची पिऊ?”

देवाजीनं पेला उचलला, आधी स्वतः घोट घेतला, गिळला, आणि बापाचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून पुन्हा एक घोट गिळला. मग पेला त्याच्या ओठांना लावला. आजा प्यायला.

पुढचे सगळे डोस मी मोजले. तरंगती नळी घाईत पिशवीत टाकून आणली होती, दारू किती कडक आहे ते कळायला त्या बाटलीत पहिल्यांदा तीच सोडून बघितली. दारूचा वास आला म्हणून ज्यांना मी दुकानाबाहेर काढलं त्यांची संख्या मोठी आहे. त्या खाटेशी बसून मी घड्याळ बघून पेल्यात ओतत होते आणि म्हाताऱ्याला उठवून पाजत होते.

आजा वाचला. डोळे गेले ते परत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पोलीस आले. दवाखान्यातून कळवावंच लागतं. विकीचे वडील त्याआधीच येऊन गेले होते. ते माझ्याशी पाचच मिनिटं बोलले. धमकी दिली नाही. परवाना तुमच्याकडेही नव्हता, एवढीच आठवण करून दिली, आणि गाडीचा विषय निघाला नाही तर कुणाचंच वाईट होणार नाही म्हणाले. देवाजी शेजारीच उभा होता. फौजदार आला तेव्हा तोच म्हणाला, “लिहून घ्या मोहाचीच व्हती. माहीच व्हती.” फौजदारानं लिहून घेतलं. म्हाताऱ्याला आणणारी म्हणून माझी सही घेतली. त्या कागदावर मिथेनॉल हा शब्द नव्हता, कॅन नव्हता, गाडी नव्हती. गावठी मोहाची दारू पिऊन विषबाधा. मी वाचलं आणि सही केली.

चार दिवसांनी पोलिसांनी गावात जाऊन भट्ट्या फोडल्या. एकट्या देवाजीची नव्हे, सगळ्यांची. मेव्हण्याच्या घरची मडकीही फोडली. ज्या दारूनं म्हातारा वाचला ती त्याच घरची होती, हे सांगायला मी तिथं नव्हते. आमच्या भागात मोहाची दारू विषारी असते म्हणून कुणी बोललं की मला ती सही आठवते. म्हणून हे इतक्या वर्षांनी लिहिते आहे. परवाना नसताना मिथेनॉल मी ठेवलं, कवटी मी स्वस्त केली, आणि खोट्या कागदावर सही मी केली. पोलिसांना वाटलं तर त्यांनी विचारावं, मी हेच सांगेन.

लग्न आठवड्यानं झालं, बिनढोलाचं. विकी मद्रासला गेला. पाण्यावर पळवून पळवून त्याची गाडी कशीबशी तिसरी आली म्हणे. मग त्यानं ती विकली. माझं काम घेणाऱ्यानं काढून टाकलं की ठेवलं, माहीत नाही.

देवाजीला मी काढलं नाही. पंधरा दिवसांनी तो कामावर आला आणि आपल्या यंत्रापाशी उभा राहिला. नोझलचा आवाज ऐकायचा, सुई घासली म्हणायचा, संध्याकाळी जायचा. जेवणाच्या सुट्टीत भट्टीबद्दल बोलणं बंद झालं. दर शनिवारी गावी जायचा, बापाला आंघोळ घालायला. आजा दीड वर्ष जगला. त्याचं सगळं उरकून देवाजी परतला त्या दिवशी पाऊस होता, गिऱ्हाईक नव्हतं. मी जुने डबे पुसत होते, लाल कवट्या थिनरनं काढत होते. देवाजी माझ्यासमोर स्टुलावर बसला. याआधी तो माझ्यासमोर कधी बसला नव्हता.

“बाई, ते पह्यल्या धारेत येते हे तुमाले मालूम होतं नं?”

मी म्हटलं, उडतं हे माहीत होतं. मडक्याचा विचार मी केला नव्हता.

“मी केला असता,” तो म्हणाला. “तुमी मले तोटीचं सांगतलं, दाबाचं सांगतलं. त्या थेंबाचंबी सांगतलं, गाडीसाठी. ते जहर काऊन हाय, कसं मारते, ते काऊन नाई सांगतलं?”

मी म्हणाले, “तू विचारलं नाहीस.”

हे उत्तर मी त्याला खरंच दिलं. त्यानं ते ऐकलं, “हव” म्हणाला, आणि उठून यंत्राकडे गेला.